घोडं कुठं पेंड खातं? कार्सन सिटीच्या तुरुंगातल्या रानघोड्यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याची राजधानी कार्सन सिटी. तिथल्या राज्य तुरुंगाच्या आवारात रानघोड्यांची पागा आहे. वर्षातून मोजक्या दिवशी तिथं बाहेरच्या लोकांना आत सोडतात. लोक बाकांवर बसतात, आणि समोरच्या रिंगणात कैदी एकेक घोडा घेऊन येतात. चार महिन्यांपूर्वी माणूस दिसला की कुंपणावर धडकणारा घोडा आता माणसाला पाठीवर घेऊन दुडक्या चालीनं फिरत असतो. फेरी संपली की बोली लागते. ज्याची बोली चढी, तो घोडा घेऊन जातो. ज्यानं घोडा तयार केला तो कैदी खोगीर खांद्यावर टाकून परत फिरतो.

या दृश्यावर बातमीदारांचं फार प्रेम. कैदी आणि घोडा, दोघेही बंदिवान, दोघेही एकमेकांना सोडवतात, असं काहीतरी लिहून मोकळं होता येतं. ते खोटं आहे असं नाही, पण मला त्यातला दुसराच प्रश्न जास्त रोचक वाटतो. न शिकवलेला रानघोडा सरकार १२५ डॉलरला द्यायला तयार असतं, तरी हजारो घोडे वर्षानुवर्षं पडून राहतात. मग त्याच रानातल्या त्याच वयाच्या घोड्यासाठी इथं लोक एकमेकांवर चढाओढ का करतात? चार महिन्यांत त्या जनावराचं नेमकं काय बदललं?

आधी थोडी मागची हकिकत. या घोड्यांना मस्टँग म्हणतात. स्पॅनिश लोकांनी आणलेले, पुढे लष्कराचे, पशुपालकांचे, सुटलेले किंवा सोडून दिलेले घोडे पश्चिमेच्या कोरड्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढले. विसाव्या शतकाच्या मध्याला ट्रक आणि विमानं वापरून त्यांना हाकलून पकडायचे आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या कारखान्यात धाडायचे. रीनो शहरात कचेरीत काम करणाऱ्या वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी याविरुद्ध रान उठवलं. हिणवण्यासाठी दिलेलं ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ हे नाव त्यांनी मिरवलं. १९५९ मध्ये मोटारगाड्यांनी घोडे पकडण्यावर बंदी आली आणि १९७१ मध्ये रानघोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यासाठी देशभरच्या शाळकरी मुलांनी संसदेला पत्रं लिहिली होती.

कायद्यानं घोडे वाचले, आणि मग वाढले. अन्नपाण्याची फार तंगी नसेल तर कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. पूमासारखं एखादं जनावर काही शिंगरं मारतं, पण वाढ रोखण्याइतकी नाही. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या हिशोबानं त्या माळांना सत्तावीस हजारांच्या आत जनावरं झेपतात. २०२० मध्ये मोजणी ९५,००० वर गेली होती. यातले निम्म्याच्या आसपास घोडे एकट्या नेव्हाडात. म्हणून हाके घालतात, आता हेलिकॉप्टरनं. १९५९ मध्ये यंत्रांना घातलेली बंदी १९७६ मध्ये हेलिकॉप्टरपुरती उठवली गेली. पकडलेल्यांपैकी ज्यांना घर मिळत नाही ते सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत राहतात. ती संख्या ६०,००० च्या पुढे आहे. एक घोडा आयुष्यभर कोंडवाड्यात सांभाळायचा तर जवळपास ५०,००० डॉलर लागतात असा ब्यूरोचाच अंदाज. मारायचं तर संसद आणि जनमत आडवं येतं. उरतं ते दत्तक देणं.

पागेपर्यंतची वाट

हाक्याचं तंत्र जुनंच आहे. दोन बाजूंना तागाच्या कापडाचे पडदे लावून नरसाळ्यासारखी वाट करतात, आणि तोंडाशी एक शिकवलेला घोडा धरून उभे राहतात. कळप जवळ आला की त्याला सोडतात. तो सरळ कोंडाळ्यात धावतो आणि कळप त्याच्या मागोमाग. बायबलमधल्या दगाबाजाच्या नावावरून तिथले लोक त्याला ‘जूडास’ म्हणतात. आपण फितूर म्हणू.

नेव्हाडातले बरेच घोडे मग रीनोच्या उत्तरेला पालोमिनो व्हॅलीच्या केंद्रात येतात. तिथं लसी, जंताचं औषध, रक्ताची तपासणी, दात बघून वयाचा अंदाज. नर असेल तर खच्ची करतात. मानेच्या डाव्या अंगाला द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या लोखंडानं खूण उमटवतात. कातडी भाजत नाही. केसांचा रंग बनवणाऱ्या पेशी मरतात आणि तिथं पांढरे केस उगवतात. खुणेत सरकारचं चिन्ह, जन्माचं वर्ष आणि नोंदणीचा क्रमांक. आकड्यांऐवजी कोनांची एक लिपी वापरतात, कारण साधे आकडे खाडाखोड करून बदलता येतात, कोन बदलणं अवघड.

या सगळ्यात घोडा माणसाबद्दल काय शिकला, याचा विचार करा. माणूस म्हणजे आकाशातून येणारा आवाज, लोखंडी चिमटा, सुई, मानेला झोंबणारा गारठा. कार्सन सिटीच्या पागेत तो कोऱ्या पाटीनं येत नाही. पाटी भरलेली असते, आणि मजकूर वाईट असतो.

पागा २००० सालापासून चालू आहे. त्याआधी कोलोराडोच्या कॅन्यन सिटीत १९८६ मध्ये आणि वायोमिंगच्या रिव्हर्टनला १९८८ मध्ये तुरुंगांत हे काम सुरू झालं होतं. घोडे माळावरचे, कैदी कमी जोखमीचे, वर एक अनुभवी शिक्षक. बहुतेक कैद्यांनी आयुष्यात घोड्याला हात लावलेला नसतो. हे मला उणं वाटत नाही. ज्याला काहीच येत नाही, तो निदान चुकीचं विसरण्यात वेळ घालवत नाही.

दाब आणि सुटका

घोडं ताब्यात आणण्याला अमेरिकी पशुपालकांच्या बोलीत ‘ब्रेकिंग’ म्हणत, म्हणजे मोडणं. चार माणसांनी दोर टाकून पाडायचं, खोगीर कसायचं, वर बसायचं आणि दमेपर्यंत उधळू द्यायचं. एका दिवसाचं काम. आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत: घोडा फेरणं, आणि रानटी जनावर माणसाळवणं. या पागेतली पद्धत दुसऱ्या शब्दाची आहे. पश्चिम अमेरिकेत टॉम डॉरन्स, रे हंट अशा घोडेवाल्यांनी विसाव्या शतकात तिला वळण दिलं. पण मूळ कल्पना जुनी. ग्रीक सेनानी झेनोफन दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बजावून गेला होता की घोड्याशी रागानं वागू नका.

पहिले काही दिवस बघणाऱ्याला वाटेल की काहीच चाललेलं नाही. माणूस लसूणघास टाकतो, पाणी भरतो, शेण काढतो, आणि उभा राहतो. प्रत्येक रानजनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं. माणूस त्याच्या आत आला की जनावर पळतं. काम त्या रिंगणाच्या काठावर चालतं. माणूस एक पाऊल पुढे टाकतो. घोडा मान वर करतो, कान रोखतो, पण पाय हलवत नाही. नेमक्या त्याच क्षणी माणूस वळतो आणि दूर जातो.

सगळी विद्या या वळण्यात आहे. घोडा दाबातून शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणातून शिकतो. मी स्थिर राहिलो तर हा प्राणी जातो, हे त्याला कळलं की तो पुन्हा स्थिर राहून बघतो, आणि हळूहळू रिंगण आकसत जातं. नवशिक्याची चूक इथंच होते. घोडा दचकून उधळतो, माणूस घाबरून मागे सरतो. झालं. घोडा शिकला की उधळलं की माणूस पळतो. दोघांनाही कळलेलं नसतं, पण धडा मात्र पक्का झाला. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. शब्द भयंकर आहे, गोष्ट साधी.

पुढची अडचण हाताची. माणूस पोचेल इतक्या जवळ गेला तर पुढच्या पायाचा फटका बसतो, आणि तो हाड मोडणारा असतो. ओरेगनच्या जॉन शार्प या जुन्या घोडेवाल्यानं यावर लांब बांबू वापरायची रीत लोकांपर्यंत नेली. बांबूचं टोक मान आणि पाठ जुळते त्या उंचवट्यावर टेकवायचं आणि खाजवायचं. घोडा सरकतो, फुरफुरतो, बांबूला चावायला जातो. बांबू तिथंच राहतो. घोडा क्षणभर थांबला की बांबू उचलायचा. जागा का तीच? कळपातले घोडे एकमेकांना दातांनी तिथंच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या जागी खाजवलं तर हृदयाचे ठोके खाली येतात. दुसरीकडे खाजवलं तर तसा फरक पडत नाही. मग बांबू रोज वीतभर आखूड धरायचा. एक दिवस टोकाऐवजी बोटं लागतात, आणि घोड्याला फरक कळेपर्यंत ती लागून गेलेली असतात.

हात लागला म्हणजे निम्मं काम झालं असं वाटतं. तसं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. जवळपास सगळा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो, फक्त कपाळासमोरचा थोडा पट्टा आणि नेमकं शेपटीमागचं दिसत नाही. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, यातला पहिला भाग शरीरशास्त्र आहे. डाव्या अंगानं सगळं मान्य करणारा घोडा उजवीकडून तोच हात आला की नव्यानं बुजतो, म्हणून प्रत्येक धडा दोन्ही बाजूंनी शिकवावा लागतो. शांत घोडा एकच बाजू शिकून बाहेर पडला तर नवा मालक दुसऱ्या बाजूनं जाईल तेव्हा दोघांचीही फसगत.

मग म्होरकी, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवती अडकवायचा दोराचा साज. दोर ताणला की घोडा उलट दिशेला जोर लावतो. ही त्याची जात. ओढाओढीत माणूस हरणारच, कारण समोर चारशे किलोंचं जनावर आहे. म्हणून हलका ताण ठेवायचा आणि वाट बघायची. घोड्यानं नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकलं, तरी दोर सैल. पुढच्या वेळी एक पाऊल मागायचं.

हात लावू देण्यात पाय सगळ्यात शेवटी. पळून जाणं हेच ज्याचं एकमेव शस्त्र, त्याचा पाय दुसऱ्याच्या हातात जाणं म्हणजे लांडग्याच्या तोंडात जाणं. आधी मऊ दोर घोट्याभोवती, थोडा ताण, पाय ढिला पडला की सुटका. नंतर हात. माळावर दगडांनी खूर झिजत राहतात, कोंडवाड्यात झिजत नाहीत, त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांनी छाटावे लागतात. नालबंदाला पाय देत नाही असा घोडा कितीही देखणा असला तरी काही महिन्यांत लंगडा होतो. एखाद्याला घोडा परत करावासा वाटण्याचं कारण बहुतेक वेळा उधळणं नसतं, खूर असतं.

यानंतर ट्रेलर, म्हणजे गाडीमागची अंधारी पेटी. तिथंही तेच: चढ, उतर, पुन्हा चढ. खोगीर, लगाम आणि स्वार याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खालची वीट पक्की असेल तर घोडा पहिल्यांदा पाठीवर वजन घेतो तेव्हा आश्चर्यानं मान वळवून बघतो, इतकंच. नसेल तर उडवून लावतो, आणि गडी धूळ झटकत पुन्हा पहिल्या आठवड्याला जातो.

शांत की हरलेला

इथं एक खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ‘हळुवार’ हा शब्द फार सैल वापरतात. गोल रिंगणात घोड्याला पळवत ठेवायचं, तो जीभ चाटू-चघळू लागला, मान खाली घातली की ‘त्यानं आपल्याला स्वीकारलं’ म्हणायचं, ही रीत माँटी रॉबर्ट्स यांच्यामुळे जगभर गेली. पण रिंगणाला दार नाही. ज्या जनावराला जायला दुसरी जागाच नाही, ते आपल्याकडे आलं याला मैत्री म्हणावं का? चाटणं-चघळणं म्हणजे शरणागती, हेही आता अनेक अभ्यासक मानत नाहीत; ताणातून सैलावताना घोडा तसं करतो, म्हणजे त्याआधी ताण होता.

याहून धोक्याचा प्रकार म्हणजे घोडा गप्प होणं. इतका मारा करायचा की त्यानं प्रतिकार सोडून द्यावा. तो उभा राहतो, खोगीर घेतो, फोटो छान येतो. पण डोळा विझलेला, कान लोंबते, अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरत नाही. असा घोडा विकला जातो, आणि दोन महिन्यांनी एका पिशवीच्या फडफडीवर एकदम फुटतो. खरा शांत घोडा बुजतो. फक्त बुजून झाल्यावर माणसाकडे बघतो.

कार्सन सिटीच्या चार महिन्यांचा फायदा मला इथं दिसतो. कैद्याकडे वेळ असतो, आणि घोडा रोज भेटतो. बाहेरच्या शिक्षकाला घोड्यामागे तासाचे पैसे पडतात, त्यामुळे घाई होते. मजुरी जवळपास फुकट असण्यावरच हे गणित बसतं, आणि हा भाग कोणी उत्साहानं सांगत नाही.

हजार डॉलरचा उपाय

आता त्या मूळ प्रश्नाकडे. कोंडवाडे भरत चालले, म्हणून २०१९ मध्ये ब्यूरोनं दुसरा मार्ग काढला. न शिकवलेला घोडा दत्तक घ्या, सरकार तुम्हाला हजार डॉलर देईल: अर्धे सुरुवातीला, अर्धे वर्षभरानं मालकीचा कागद मिळाल्यावर. घोडा घेण्याचं शुल्क २५ डॉलरवर आणलं. आकडे लगेच हलले. २०१८ मध्ये सुमारे ४,६०० जनावरं लोकांकडे गेली होती. २०१९ मध्ये ७,१०० च्या आसपास, आणि २०२१ मध्ये ८,६०० वर.

घोडं कुठं पेंड खात होतं ते २०२१ च्या मे महिन्यात न्यू यॉर्क टाइम्सनं छापलं. एका व्यक्तीला वर्षाला चार घोडे घेता येत, म्हणून काही कुटुंबांत अनेकांनी आपापल्या नावावर चार-चार घेतले. वर्षभर कुंपणात ठेवले, हजार-हजार घेतले, आणि कागद हातात आल्याबरोबर लिलावात सोडले. त्या लिलावांत कत्तलीसाठी घोडे घेणारे असतात. अमेरिकेतले कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, तरी मेक्सिको आणि कॅनडाला गाड्या जातात. ब्यूरोनं नंतर नियम आवळले, शुल्क पुन्हा १२५ केलं, पूर्ण रक्कम वर्षाअखेरीला द्यायला लागले. २०२५ मध्ये कोलोराडोतल्या संघीय न्यायालयानं ती योजनाच रद्द ठरवली.

सगळे घेणारे लबाड नव्हते, असं मी मानतो. आडगावातल्या एखाद्या प्रामाणिक माणसाला सहा फुटी कुंपणात असा घोडा उतरवून दिला की ज्याला म्होरकीसुद्धा घालता येत नाही, तर तो करणार काय? पशुवैद्य हात लावू शकत नाही, नालबंद येत नाही. हजार डॉलर संपतात, खूर वाढत राहतात. पैसे घोडा नेण्याबद्दल मिळत होते, घोडा वापरण्याजोगा करण्याबद्दल नाही.

याच्या शेजारी दुसरी योजना ठेवून बघावी. टेक्सासच्या मस्टँग हेरिटेज फाउंडेशननं ब्यूरोबरोबर शिक्षकांसाठी एक व्यवस्था चालवली. शिक्षकानं कोंडवाड्यातून घोडा न्यायचा, माणसाळवायचा आणि स्वतःच घर शोधायचं. अटी मोजक्या: म्होरकी घालू देणं, दोरानं चालणं, चारही पाय देणं, ट्रेलरमध्ये चढणं-उतरणं. खोगिराची अट नाही. पैसे हे झाल्यावर. म्हणजे कार्सन सिटीच्या चार महिन्यांतला पहिला अर्धा भाग तुरुंगाबाहेर नेला आणि त्यालाच मोल दिलं.

संख्येचं काय, असं कोणी विचारेल. बरोबर विचारेल. एका पागेतून वर्षाला निघणारे घोडे ६०,००० पुढे चिमूटभर. तुरुंगांनी आणि शिक्षकांनी कितीही घोडे तयार केले तरी माळावरची शिंगरं त्यापेक्षा जास्त. घोड्यांना गर्भनिरोधक लस टोचण्याचं काम वाढल्याशिवाय हे मिटणार नाही, आणि ते या पागेच्या आवाक्यातलं नाही. अमेरिकेच्या सीमा गस्त दलानं अशा तुरुंगांतले घोडे घेतले, याचं कौतुक होतं. ते घोडे खरोखर चांगले निघाले, पण गस्त दलाला लागून लागून घोडे लागणार किती?

बोलीनंतर

लिलावाच्या दिवशी एक अडचण उघडी पडते. घोडा माणसांवर विश्वास ठेवायला शिकलेला नसतो. तो एका माणसावर ठेवायला शिकलेला असतो. त्या माणसाचा आवाज, चाल, टोपी, शीळ. नवा मालक वेगळ्या उंचीचा, कदाचित बाई, कदाचित बरोबर कुत्रा. म्हणून लिलावाआधी एकाचा घोडा दुसऱ्यानं धरणं, तिसऱ्यानं पाय उचलणं हे जिथं होतं, तिथले घोडे नव्या घरी लवकर स्थिरावतात. जिथं एकच जोडी अखेरपर्यंत राहते, तिथं कैद्याचं कौतुक जास्त होतं आणि घोड्याचं नुकसान.

बोली जिंकणाऱ्याला घोडा मिळतो, पण मालकी नाही. वर्षभर घोडा सरकारचाच. मधे कोणी तपासायला येऊ शकतं, आणि वर्षाअखेरीला पशुवैद्यानं किंवा तसा अधिकार असलेल्यानं घोडा नीट सांभाळलाय असं लिहून द्यावं लागतं. जागेचीही अट आहे: प्रत्येक घोड्याला निदान ४०० चौरस फूट कुंपण. न शिकवलेल्या मोठ्या घोड्याला सहा फूट उंच, माणसाळलेल्याला पाच फूट चालतं. तो एक फुटाचा फरक म्हणजे कैद्याचे चार महिने.

ट्रेलर पागेच्या दाराशी लागतो. कैदी दोर नव्या मालकाच्या हातात देतो आणि एक गोष्ट हमखास सांगतो: पहिले दोन दिवस म्होरकी काढू नका, छोट्या कुंपणातच ठेवा, आणि उजवीकडून आधी बोलून मग हात लावा. घोडा पायरीशी थांबतो, पेटीत वास घेतो, एकदा मागे बघतो. नवा माणूस दोर ओढायला जातो. कैदी मान हलवतो. दोर सैल सुटतो. मग घोडा पुढचा एक पाय आत ठेवतो.